शेरा एका दाव्याचा, नोंद दुसऱ्यावर: दोन टॅब आणि एका सेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण विमा दावे तपासण्याच्या एका अंतर्गत वेब ॲप्लिकेशनचं आहे. संस्था आणि माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत. ते ॲप्लिकेशन सांभाळणाऱ्या टीममध्ये मी होतो.

अधिकाऱ्यासमोर दाव्यांची यादी येते. तो एक दावा उघडतो आणि चार स्क्रीनमधून पुढे जातो: कागदपत्रं, रक्कम, शेरा, निर्णय. यादीतल्या दाव्यावर क्लिक केलं की सर्व्हर त्याचा क्रमांक सेशनमध्ये (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत सर्व्हर राखून ठेवतो त्या तात्पुरत्या माहितीत) 'चालू दावा' म्हणून ठेवायचा, आणि पुढचे चारही स्क्रीन तो तिथूनच उचलायचे. यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या वेब पत्त्यात, दाव्याचा मागमूस नव्हता. कोणताही दावा उघडा, शेऱ्याच्या स्क्रीनचा पत्ता एकच.

आज हे वाचून कपाळावर आठी पडते, पण लिहिणाऱ्यांच्या काळात ते चालून गेलं त्याला कारण आहे. तेव्हा सगळीकडे इंटरनेट एक्सप्लोरर ६ होता. त्यात आयकॉनवर डबल-क्लिक करून आणखी एक विंडो उघडली की ती वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे स्वतंत्र प्रोग्रामसारखी, चालायची आणि तिच्या सेशन कुकी वेगळ्या असायच्या. (कुकी म्हणजे ब्राउझर जपून ठेवतो आणि दर वेळी सर्व्हरला परत पाठवतो ती छोटी नोंद; सर्व्हर तिच्यावरूनच सेशन ओळखतो.) दोन विंडो, दोन लॉगिन, दोन सेशन. जुन्या अधिकाऱ्यांना कोणीतरी शिकवून ठेवलं होतं की दुसरा दावा बघायचा असेल तर आयकॉनवरूनच नवीन उघडायचं, कंट्रोल-एन दाबायचं नाही. कंट्रोल-एनने उघडलेली विंडो त्याच प्रोसेसमधली, म्हणून कुकीही त्याच. २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ आला आणि सगळ्या विंडो एकच सेशन वापरू लागल्या. वेगळं हवं असेल तर फाइल मेनूतून 'न्यू सेशन' निवडावं लागायचं. फायरफॉक्स आणि क्रोमने तर एका प्रोफाइलच्या सगळ्या विंडोंना पहिल्यापासून सामाईक कुकीच दिल्या.

ज्या सवयीच्या भरवशावर आमचं ॲप्लिकेशन सुरक्षित होतं, ती सवय अशी निरुपयोगी झाली. आमच्या कोडमध्ये मात्र त्या दिवशी एक ओळही बदलली नाही, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे बरीच वर्षं हे खपून गेलं, कारण छोट्या मॉनिटरवर बहुतेक जण एका वेळी एकच दावा उघडत. मग टेबलांवर दुसरा मॉनिटर आला.

काय घडलं

एका अधिकारी मॅडमनी एक दावा उघडून शेऱ्याच्या स्क्रीनपर्यंत आणला होता. त्याच दावेदाराचा जुना दावा ताडून पाहायचा म्हणून त्यांनी तो दुसऱ्या टॅबमध्ये उघडला. पाहून झाल्यावर पहिल्या टॅबवर परत आल्या, शेरा लिहिला, निर्णय नोंदवला. समोर 'निर्णय नोंदवला' एवढाच संदेश आला. नामंजुरी नोंदली गेली ती जुन्या दाव्यावर, आणि त्याचं पत्रही दावेदाराकडे रवाना झालं.

मॅडमनी तक्रार केली तेव्हा आमच्याकडून गेलेलं उत्तर असं होतं: "मॅडम, तुमच्याकडून चुकून दुसऱ्या दाव्यावर क्लिक झालं असेल. लॉगमध्ये सगळं बरोबर दिसतंय." लॉगमध्ये ते तसं दिसतही होतं. कोणत्या सेशनने कोणत्या दाव्यावर काय लिहिलं याची नोंद त्यात होती. लिहिणाऱ्याच्या स्क्रीनवर त्या क्षणी कोणता दावा दिसत होता, याची नोंद नव्हती. जी माहिती आम्ही साठवलीच नव्हती, तिच्या अभावाचा आम्ही माणसाविरुद्ध पुरावा केला. या प्रकरणातला पहिला चुकलेला निर्णय हाच, आणि मला तो सगळ्यात जास्त लागतो.

काही दिवसांनी दुसऱ्या एका अधिकाऱ्याकडून तशीच तक्रार आली. दोन माणसं एकाच प्रकारे 'चुकून क्लिक' करत नाहीत, हे तेव्हा आमच्या डोक्यात शिरलं.

शोध

आम्हाला ही चूक आमच्या मशीनवर घडवून दाखवता येईना. कारण सापडलं तेव्हा वाईट वाटलं. दोन विंडो तपासायच्या म्हटलं की आमच्यातला प्रत्येक जण सवयीने एक साधी विंडो आणि एक खाजगी विंडो उघडत होता. खाजगी विंडोच्या कुकी पूर्ण वेगळ्या असतात, म्हणजे सेशन वेगळं, म्हणजे गल्लत होणारच नाही. स्वयंचलित चाचण्याही प्रत्येक वेळी नवा कोरा ब्राउझर उघडून चालायच्या. तपासण्याची आमची पद्धतच बगला आडोसा देत होती.

शेवटी एक सहकारी अधिकाऱ्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. यादीतल्या दाव्यावर कंट्रोल धरून क्लिक, नवा टॅब, परत पहिल्या टॅबवर. दोन मिनिटांत चूक तिच्या डोळ्यांसमोर घडली. सर्व्हरच्या दृष्टीने घटनाक्रम सरळ होता: पहिला दावा उघडला, 'चालू दावा' पहिला. दुसरा उघडला, 'चालू दावा' दुसरा. मग निर्णय आला, तो चालू दाव्यावर लिहिला. पहिल्या टॅबवर माणूस काय पाहतोय हे सर्व्हरला कळायला वावच नव्हता.

इथे मुळाशी जाऊन बोलायला हवं. एचटीटीपी, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात ती पद्धत, स्वतः काहीच लक्षात ठेवत नाही. ती उणीव भरून काढायला १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. कुकीला नाव असतं, डोमेन असतं, पाथ असतो, मुदत असते. २०११ च्या आरएफसी ६२६५ या कुकीच्या तांत्रिक मानकातही तेच गुणधर्म आहेत. विंडो किंवा टॅब ही गोष्ट त्या व्याख्येत कुठेच येत नाही. त्यामुळे कुकीवर उभं असलेलं सेशन हे माणसाचं, फार तर त्याच्या ब्राउझरचं असतं. ते विंडोचं कधीच नसतं. आमच्या कोडने मात्र ते विंडोचं आहे असं गृहीत धरलं होतं.

तातडीचा उपाय

त्याच दिवशी निर्णयाच्या फॉर्ममध्ये दाव्याचा क्रमांक हिडन फील्ड (पानावर न दिसणारा रकाना) म्हणून घातला. सबमिट झाल्यावर तो क्रमांक सेशनमधल्या 'चालू दाव्या'शी ताडायचा, जुळला नाही तर नोंद नाकारायची, आणि दोन्ही क्रमांक लॉगमध्ये लिहायचे.

चुकीचं लिखाण थांबलं, पण अधिकारी वैतागले आणि त्यांचं बरोबर होतं. नाकारताना आम्ही त्यांचा टाइप केलेला शेराही गिळून टाकत होतो. ते शेरे आधी नोटपॅडमध्ये लिहून मग चिकटवू लागले. दुसऱ्या दिवशी आम्ही नाकारलेला मजकूर त्याच फॉर्ममध्ये परत दाखवायला सुरुवात केली. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं.

त्याहून मोठी चूक म्हणजे ही तपासणी आम्ही फक्त निर्णयाच्या स्क्रीनवर लावली. पैशांचा संबंध तिथेच येतो, बाकीचं नंतर बघू, असा विचार केला. थोड्याच दिवसांत एका दाव्याची कागदपत्रं दुसऱ्या दाव्याला जोडली गेली. फाइल अपलोडही 'चालू दावा' पाहूनच चालत होतं. एका दावेदाराचे वैद्यकीय कागद दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाणं ही निर्णय चुकण्यापेक्षा लहान गोष्ट नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली सूचना वरून आली: दुसरी विंडो उघडूच देऊ नका. वरवर पाहता सोपं वाटतं. पण दावे ताडून पाहणं हे या कामाचं अंगच आहे. ते बंद केलं असतं तर लोकांनी दुसरा ब्राउझर उघडला असता. तरीही काही दिवस हा पर्याय टेबलावर राहिला, कारण तो सगळ्यात स्वस्त होता. तो बाद झाला एका टेस्टरमुळे. त्याने एकाच टॅबमध्ये पहिला दावा उघडला, मग यादीवर जाऊन दुसरा उघडला, नंतर ब्राउझरचं 'मागे' बटण दाबत पहिल्या दाव्याच्या फॉर्मवर आला आणि सबमिट केलं. हिडन फील्डची तपासणी काढून ठेवली असती, तर एकाच विंडोत तीच गल्लत झाली असती. विंडो कितीही बंद करा, इतिहासातली जुनी पानं राहतातच. प्रश्न विंडोंच्या संख्येचा नव्हताच. पानावर एक दिसतं आणि सर्व्हर दुसरं गृहीत धरतो, हा खरा प्रश्न होता.

दुसरा पर्याय होता सेशनमध्ये प्रत्येक विंडोसाठी वेगळा कप्पा करण्याचा. ब्राउझरमध्ये एक विंडो-क्रमांक तयार करायचा, तो सेशन स्टोरेज नावाच्या ब्राउझरमधल्या साठवणीत ठेवायचा, प्रत्येक रिक्वेस्टबरोबर पाठवायचा, आणि सर्व्हरने त्या क्रमांकाचा कप्पा वापरायचा. कल्पना जुनी आणि आदरणीय आहे. जावा ईई ६ या वेब ॲप्लिकेशन लिहिण्याच्या व्यासपीठात २००९ साली 'कन्व्हर्सेशन स्कोप' याच विचाराने आला होता. मला स्वतःला हा पर्याय आवडत होता, कारण जुना कोड जवळपास तसाच राहिला असता. आम्ही दोन दिवस त्याचा नमुना करून पाहिला.

अडचणी तिथेच दिसल्या. सेशन स्टोरेज टॅबपुरतं असतं हे खरं, पण ब्राउझरमधून टॅब 'डुप्लिकेट' केला की त्याची प्रत नव्या टॅबला मिळते. मग दोन टॅबना एकच विंडो-क्रमांक, आणि आपण पुन्हा मूळ जागी. स्क्रिप्टमधून उघडलेल्या विंडोचंही तसंच होतं. लिंकने उघडलेल्या नव्या टॅबचं वागणं तर मधल्या काळात बदललं आहे. २०२१ पासून क्रोम 'नोओपनर' पद्धतीने (उघडणाऱ्या पानाशी दुवा न ठेवता) उघडलेल्या टॅबला ही प्रत देत नाही. म्हणजे आमची सुरक्षितता पुन्हा ब्राउझरच्या वागणुकीवर टेकली असती, आणि त्यानेच तर आम्हाला एकदा खड्ड्यात घातलं होतं. शिवाय सेशन स्टोरेज कुकीसारखं आपोआप सर्व्हरकडे जात नाही, त्यामुळे नव्या टॅबची पहिली रिक्वेस्ट क्रमांकाशिवायच येते. आणि विंडो बंद झाल्याचं सर्व्हरला खात्रीने कळत नाही, म्हणून टाकून दिलेले कप्पे सेशन संपेपर्यंत मेमरीत पडून राहतात.

सगळी स्थिती ब्राउझरमध्ये नेऊन ॲप्लिकेशन नव्याने लिहायचं, हाही एक प्रस्ताव होता. त्यासाठी वेळ नव्हता. त्यावर जास्त चर्चा झाली नाही.

उरला तो मार्ग कष्टाचा होता. सेशनमध्ये फक्त माणूस कोण आहे एवढंच ठेवायचं. दावा कोणता, हे यूआरएलने सांगायचं. अर्धवट झालेलं काम मसुदा म्हणून डेटाबेसमध्ये स्वतःच्या क्रमांकाने ठेवायचं. प्रत्येक रिक्वेस्टने आपण कशाबद्दल बोलतोय ते स्वतःबरोबर आणायचं. आम्ही हा मार्ग घेतला.

अंमलबजावणीतले निर्णय

दोन टॅबमध्ये एकच दावा उघडला तर काय? इथे लॉक (एकीकडे उघडला की दुसरीकडे बदलू न देणं) की व्हर्जन, असा वाद रंगला. लॉकच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं होतं की अधिकाऱ्याला आधीच कळेल, मेहनत वाया जाणार नाही. पण टॅब बंद केला, लॅपटॉप झाकला, माणूस घरी गेला, तर लॉक सोडायचा कोणी? शेवटी दाव्याच्या प्रत्येक नोंदीला व्हर्जन क्रमांक दिला. मसुदा सुरू होताना तो टिपून घ्यायचा, आणि निर्णय लिहिताना 'हा दावा आणि हेच व्हर्जन असेल तरच बदल' असं डेटाबेसला सांगायचं. एकही ओळ बदलली नाही तर मधल्या काळात कोणीतरी हात लावला आहे. अशा वेळी सर्व्हर ४०९ हा 'बदलांची टक्कर' सांगणारा त्रुटी-क्रमांक पाठवतो, आणि अधिकाऱ्याला त्याचा शेरा व दाव्याची ताजी स्थिती शेजारी-शेजारी दिसते.

या वेळी एक सहकारी म्हणाले की व्हर्जन आहे तर दाव्याचा क्रमांक वेगळा तपासायची गरज काय? प्रश्न ऐकताना पटला होता, पण ते घातक ठरलं असतं. पहिल्या दाव्याच्या पानावरून आलेला व्हर्जन ३ दुसऱ्या दाव्याच्या व्हर्जन ३ शी योगायोगाने जुळू शकतो. व्हर्जन सांगतं की माहिती शिळी आहे का. लक्ष्य बरोबर आहे का, हे ते सांगत नाही. दोन्ही तपासण्या ठेवल्या.

क्रमांक यूआरएलमध्ये आल्यावर एक नवा धोका दाराशी आला आणि तो कोड-रिव्ह्यूमध्ये पकडला गेला. हा अधिकारी हा दावा पाहू शकतो का, ही परवानगी पूर्वी फक्त यादीतून दावा उघडताना तपासली जायची. पुढचे स्क्रीन सेशनवर विश्वास ठेवून मोकळे होते. आता पत्त्यातला आकडा बदलून कोणालाही दुसऱ्याचा दावा उघडता आला असता. म्हणून प्रत्येक स्क्रीनवर, प्रत्येक रिक्वेस्टला परवानगी नव्याने तपासायची असं ठरलं. सेशनमधून वस्तू बाहेर काढताना तिच्याबरोबरचं हे न लिहिलेलं संरक्षणही निघून जातं. असा बदल करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं, असं मी मनापासून सांगेन.

सीएसआरएफ टोकनचंही (फॉर्म आपल्याच पानावरून आला आहे हे ओळखायची गुप्त खूण) असंच झालं. काही स्क्रीनवर आमचं टोकन प्रत्येक पानागणिक बदलायचं आणि सर्व्हर फक्त शेवटचं ओळखायचा. दुसरा टॅब उघडताच पहिल्याचा फॉर्म बाद. इतके दिवस लोक त्याला 'सिस्टिम हँग झाली' म्हणत होते. सेशनभर एकच टोकन ठेवलं आणि तो त्रास संपला.

लॉगआउटचा भाग अधिक नाजूक होता. पाळी बदलताना एकाच संगणकावर एक अधिकारी लॉगआउट करतो आणि दुसरा लॉगिन करतो, पण पहिल्याचा एखादा टॅब उघडाच राहिलेला असतो. त्या टॅबमधून सबमिट केलं तर कुकी नव्या माणसाची जाते. सुदैवाने लॉगिनला सेशन नवं होत असल्याने टोकन जुळत नव्हतं आणि नोंद अडत होती. पण संदेश यायचा 'अज्ञात त्रुटी'. आता लॉगआउट होताच ब्रॉडकास्ट चॅनेल या टॅबनी आपसात निरोप पाठवण्याच्या ब्राउझरच्या सोयीवरून बाकीच्या टॅबना निरोप जातो आणि ते स्वतःला झाकून घेतात. सफारीला ही सोय २०२२ मध्ये १५.४ पासून मिळाली, म्हणून जुन्या ब्राउझरसाठी लोकल स्टोरेजच्या (सगळ्या टॅबना सामाईक असलेल्या ब्राउझरमधल्या साठवणीच्या) 'स्टोरेज' इव्हेंटचा, म्हणजे तिथे बदल झाल्याच्या सूचनेचा, आधार ठेवला. हा इव्हेंट बदल करणाऱ्या टॅबला स्वतःला मिळत नाही, बाकीच्यांना मिळतो. आम्हाला नेमकं तेच हवं होतं. हा निरोप मात्र केवळ सोयीसाठी आहे. बंदोबस्त सर्व्हरवरच.

निष्क्रियतेचं घड्याळही दुरुस्त केलं. प्रत्येक टॅब आपलं स्वतंत्र घड्याळ चालवायचा, आणि मागे विसरलेला टॅब वेळ संपली म्हणून लॉगआउट करायचा, पुढच्या टॅबमध्ये माणूस टाइप करत असतानाही. शेवटच्या हालचालीची वेळ लोकल स्टोरेजमध्ये सामाईक ठेवली की झालं.

परिणाम

निर्णय आणि अपलोडचे स्क्रीन आधी बदलले, बाकीचे एकेक करत. बदल पूर्ण होईपर्यंत जुन्या स्क्रीनवर हिडन फील्डची तपासणी चालू ठेवली. तिच्या लॉगमध्ये न जुळलेल्या नोंदी पहिल्या आठवड्यापासून दिसत होत्या, म्हणजे ही गल्लत दोन तक्रारींपुरती कधीच नव्हती. शेवटचा स्क्रीन बदलला आणि 'चालू दावा' ही जागा सेशनमधून काढून टाकली. ती रिकामी ठेवून चालणार नव्हतं. कोणीतरी पुन्हा वापरली असती.

जुन्या नोंदींचं काय, हा प्रश्न सर्वांत अवघड होता. स्क्रीनवर काय होतं हे परत मिळणार नव्हतं. वेब सर्व्हरच्या लॉगमधून एवढं काढता आलं की कोणत्या सेशनमध्ये एका दाव्याचं काम पूर्ण होण्याआधी दुसरा दावा उघडला गेला. अशा निर्णयांची यादी केली आणि अधिकाऱ्यांनी ते दावे हाताने पुन्हा तपासले. ज्या दावेदाराला चुकीचं पत्र गेलं होतं त्याला दुरुस्तीचं पत्र गेलं.

आज करायचं झालं तर

आधी लॉग सुधारेन. फॉर्म दाखवताना कोणता दावा दाखवला आणि लिहिताना कोणत्या दाव्यावर लिहिलं, या दोन गोष्टी शेजारी असत्या तर पहिली तक्रार पहिल्याच दिवशी सुटली असती. तातडीची तपासणी एका स्क्रीनवर न लावता 'चालू दावा' वाचणाऱ्या प्रत्येक जागी लावेन. कोडमध्ये शोध घेऊन ती यादी काढायला अर्धा तासही लागला नसता. आणि यशाचा संदेश 'निर्णय नोंदवला' एवढाच न ठेवता त्यात दाव्याचा क्रमांक आणि दावेदाराचं नाव लिहीन. हे एवढं असतं तरी मॅडमना चूक तिथल्या तिथे दिसली असती, पत्र जायच्या आत.

एका बाबतीत अजून माझं मत पक्कं नाही. मसुदे डेटाबेसमध्ये ठेवल्यामुळे तेही साचतात, आणि ते किती दिवसांनी पुसायचे यावर अधिकारी व आम्ही अद्याप सहमत नाही. सध्या ज्याचा मसुदा त्यालाच तो दिसतो आणि पुसायचं बटण त्याच्याच हातात आहे.

चाचण्यांमध्ये आता एक प्रसंग कायम आहे: एकाच ब्राउझरमध्ये पहिला दावा उघडा, नव्या टॅबमध्ये दुसरा उघडा, पहिल्यावर परत या, निर्णय नोंदवा, आणि दोन्ही दावे तपासा. त्याच्याच शेजारी 'मागे' बटणाचा प्रसंग आहे. पहिली तक्रार करणाऱ्या मॅडमना आम्ही दोघं जाऊन भेटलो, चूक त्यांची नव्हती हे सांगितलं, आणि तक्रारीवर आम्ही लिहिलेला 'वापरकर्त्याची चूक' हा शेरा त्यांच्यासमोर दुरुस्त केला.